मोझरीच्या स्वयंपाकघरात एस्प्रेसो : खर्च किती आणि कशावर?

गुरुकुंज मोझरीत राहून घरी एस्प्रेसो करायची तर सुरुवातीला किती पैसे लागतील? याची तीन उत्तरे आहेत : साधारण चार हजार, साधारण पंचवीस हजार आणि साधारण चाळीस हजार रुपये. चार हजारांत जी कॉफी होते ती नेमकेपणाने एस्प्रेसो नाही, पण दुधात घातली की चांगली लागते. पंचवीस हजारांत खरी एस्प्रेसो होते, तीही विजेशिवाय, हाताच्या जोरावर. चाळीस हजारांत विजेचे यंत्र येते आणि त्याच्यासोबत व्होल्टेजची आणि पाण्याची काळजीही येते. मोझरी, तिवसा, चांदूर किंवा मोर्शीच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने मधला रस्ता धरावा, असे माझे मत आहे. ज्या घरात रोज चार-सहा जणांना दुधाची कॉफी लागते, त्यांनी मात्र बिनदिक्कत पहिला धरावा.

आधी एक हिशेब. मोझरीहून अमरावती पस्तीसेक किलोमीटर. कॅफेत कॉफी प्यायला मोटरसायकलने गेलात तर येऊन-जाऊन सत्तर किलोमीटर होतात. गाडी लिटरला पंचेचाळीस देत असेल तर दीड लिटरहून थोडे जास्त, म्हणजे दीडशे-एकशेसाठ रुपयांचे पेट्रोल नुसते रस्त्यात जळते. कॉफीचे दीडशे-दोनशे वेगळे. त्यामुळे ज्याला या कॉफीची खरी गोडी लागली आहे त्याच्यासाठी घरचे सामान ही चैन राहत नाही. पण सामान चुकीचे घेतले तर तो पैसा माळ्यावर जाऊन बसतो, आणि हे सामान चुकीचे घेणे फार सोपे आहे.

या लेखातल्या किमती ढोबळ आहेत. ऑनलाइन सेलमध्ये त्या बऱ्याच खाली येतात आणि आयात मालाच्या किमती डॉलरबरोबर हलतात. आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी वापरा.

बारचा आकडा पाहू नका

एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून साधारण नऊ बार दाबाने आणि नव्वद ते शहाण्णव अंश तापमानाने ढकललेले पाणी. नेहमीचे माप असे : १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम रस, वेळ पंचवीस ते तीस सेकंद. हा एक शॉट. इटलीत लुइगी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले, पण आज कपावर जी सोनेरी साय दिसते, जिला क्रेमा म्हणतात, ती अकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्रांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आणली. वाफेचा दाब तेवढा पोचतच नव्हता, हातातल्या तरफेचा पोचला.

खरेदीत हा इतिहास थेट उपयोगाला येतो. बाजारात चार-साडेचार हजारांपासून 'एस्प्रेसो मशीन' म्हणून जी छोटी यंत्रे दिसतात, त्यातल्या बऱ्याच यंत्रांत पंप नसतो. टाकीत पाणी उकळते आणि वाफ ते ढकलते. दाब तीन-चार बारच्या पुढे जात नाही. तेवढे पैसे देऊन तुम्ही विजेवर चालणारे मोका पॉट, म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वर चढवणारे भांडे, घेता. त्यापेक्षा दीड हजाराचे साधे मोका पॉट गॅसवर ठेवा. ते बिघडत नाही.

दुसऱ्या बाजूला 'पंधरा बार', 'वीस बार' अशी जाहिरात असते. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो, याचा. कॉफीच्या थरावर नऊच बार हवेत. वीस बारचे यंत्र पंधरा बारच्या यंत्राहून चांगले, असे मुळीच नाही. त्याऐवजी विक्रेत्याला विचारा, की सोबत येणाऱ्या, कॉफी भरायच्या जाळीला तळाशी एक भिंत आहे की दोन? दोन भिंतींच्या जाळीत तळाला सुईच्या टोकाएवढे एकच भोक असते. कॉफी कशीही दळलेली असो, ते भोक दाब तयार करते आणि वरती फेस येतो. तो फेस क्रेमासारखा दिसतो, चव तशी नसते. तयार पावडर वापरणाऱ्याला ती जाळी ठीक आहे. पण एका भिंतीची जाळी त्या यंत्राला मिळतच नसेल, तर पुढे कितीही चांगली कॉफी आणली तरी कपात फरक पडणार नाही. जाळीचा व्यासही विचारून घ्या. ५८ मिलिमीटरचे सामान सगळीकडे मिळते, ५१ आणि ५४ चेही मिळते, पण एखाद्याच कंपनीचा वेगळाच व्यास असेल तर नंतर कॉफी दाबायचा टॅम्परसुद्धा मिळायला त्रास होतो.

पहिला पैसा चक्कीवर

घरी एस्प्रेसो फसते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, दळणामुळे फसते. पाणी पंचवीस सेकंदांत थरातून जाईल की सात सेकंदांत, हे दळण ठरवते. हाताला ते बारीक रवा आणि पीठ यांच्या मधले लागले पाहिजे, आणि सगळे कण जवळपास सारखे हवेत. काही कण जाड आणि काही अगदी भुकटी झाले, तर पाणी जाड कणांमधून वाट काढून पळते. त्या कपात आंबटपणा आणि कडूपणा एकाच वेळी येतो, आणि नवखा माणूस बिया बदलत बसतो.

घरचा मिक्सर इथे चालत नाही. पाते बी तोडते, दळत नाही. शिवाय ज्या भांड्यात काल लसणाची चटणी झाली त्यात कॉफी घातली तर काय होईल, ते सांगायला नको. मोका पॉटसाठी अगदीच नाइलाज असेल तर वेगळे कोरडे भांडे घेऊन थांबत-थांबत फिरवले तर एकवेळ भागते.

हाताने फिरवायचे ग्राइंडर हजार-दीड हजारांपासून मिळतात. त्यात चिनी मातीच्या चकत्या असतात. मोका पॉटला ते पुरतात. एस्प्रेसोएवढे बारीक दळायला त्यांना फार वेळ लागतो आणि चकतीचा दांडा हलत असल्याने दळण सारखे पडत नाही. स्टीलच्या चकत्यांचे, बेअरिंगवर फिरणारे हातग्राइंडर सहा हजारांच्या पुढे सुरू होतात. एस्प्रेसोसाठी घ्यायचे तर त्यातले बारीक पायऱ्यांचे, साधारण आठ ते बारा हजारांतले घ्या. म्हणजे एक खट पुढे केली की शॉटच्या वेळेत दोन-चार सेकंदांचाच फरक पडावा. ज्याच्या एका खटीत दहा सेकंदांची उडी पडते, तो एस्प्रेसोच्या कामाचा नाही. अशा ग्राइंडरवर १८ ग्रॅम दळायला दीडेक मिनिट लागते. मनगट दुखत असेल, घरात वयस्क माणूस कॉफी करणारा असेल, तर विजेचा ग्राइंडर घ्यावा लागेल. एस्प्रेसोला खरोखर चालणारा पंधरा हजारांच्या आत मिळणे कठीण.

तीस हजारांचे यंत्र आणि दीड हजारांची चक्की, ही जोडी सगळ्यात वाईट. दहा हजारांची चक्की आणि पंधरा हजारांचे यंत्र तिच्याहून कितीतरी चांगली कॉफी देते. यंत्रातच चक्की बसवलेली मॉडेल्स आकर्षक दिसतात, जागा वाचवतात. पण चक्कीचा एखादा भाग बिघडला तर अख्खे यंत्र उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. गावात राहणाऱ्याने दोन वस्तू वेगळ्याच ठेवाव्यात.

चक्कीबरोबर एक लहान डिजिटल काटा हवाच, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सातशे ते बाराशे रुपये. चमच्याने मोजून एस्प्रेसो होत नाही. एका ग्रॅमच्या फरकानेही शॉटचा वेग बदलतो.

बिया : चिखलदरा, चिकमगळूर आणि कुरिअर

अमरावती जिल्ह्याला कॉफी परकी नाही. मेळघाटात चिखलदऱ्याला, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर, कॉफीची झाडे आहेत. महाराष्ट्रात कॉफी पिकते, अशी ओळख याच ठिकाणाची. मोझरीहून अमरावती, परतवाडा करत शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. फिरायला जाणारा माणूस तिथून कॉफीचे पाकीट आणतो आणि मग मला विचारले जाते, ही एस्प्रेसोला चालेल का?

चालेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते, आणि त्या दुकानातच विचारायच्या. बिया अख्ख्या आहेत की पावडर? पावडर असेल तर ती मोका पॉटला किंवा फिल्टरला वापरा, एस्प्रेसोला तिचे दळण जुळणार नाही. भाजल्याची तारीख सांगता येते का? आणि यात चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, मिसळली आहे का? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर जरूर घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरावर पिकलेले बी आपल्या घरी दळून प्यावे, यात वेगळा आनंद आहे आणि तो पैशांत मोजू नये. पण तिथली लागवड कर्नाटकच्या मानाने अगदी थोडी आहे. वर्षभराची सोय म्हणून तिच्यावर अवलंबून राहता येत नाही.

वर्षभराची सोय दक्षिणेकडूनच होते. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी, वायनाड, आंध्रातला अराकू, हे सगळे प्रदेश कॉफीच्या पाकिटावर छापलेले दिसतील. २०१९ साली चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले. प्रदेशाच्या नावापेक्षा घेणाऱ्याने आधी जात पाहावी. अरेबिकात सुगंध आणि हलकी आंबट-गोड चव असते. रोबस्टा कडक, जाड, कॅफिन जवळपास दुप्पट, आणि क्रेमा भरपूर. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच वाटा मोठा आहे आणि इटली हे आपल्या कॉफीचे फार मोठे गिऱ्हाईक आहे. इटलीच्या मिश्रणांत आपला रोबस्टा जातो, मग आपणच तो कमअस्सल का मानावा?

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत कॉफी दूध-साखर घालूनच प्यायली जाणार. त्या घरासाठी माझी निवड स्पष्ट आहे : सत्तर टक्के अरेबिका, तीस टक्के रोबस्टा, मध्यम ते मध्यम-गडद भाजणी. शंभर टक्के अरेबिकाची हलकी भाजणी म्हशीच्या दुधात हरवून जाते आणि यंत्रातून काढायलाही अवघड असते. ज्याला दुधाशिवाय प्यायची आहे त्याने आधी मध्यम भाजणीची अरेबिका घ्यावी. काळीकुट्ट, तेलाने चकाकणारी बी टाळा. ते तेल चक्कीत चिकटते आणि काही दिवसांनी खवट वास मारते.

पाकिटावर 'बेस्ट बिफोर' पाहू नका, 'रोस्ट डेट' पाहा. भाजल्यावर पहिला आठवडाभर बीमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. त्या काळात एस्प्रेसो काढली तर नुसता फेस येतो आणि शॉट हाताला लागत नाही. सातव्या दिवसापासून महिनाभर ती उत्तम. मोझरीसारख्या गावाला याचा फायदाच आहे. बंगळूरकडून निघालेले पाकीट पाच-सहा दिवसांनी पोचते, आणि प्रवासातच त्याचा विसावा जवळजवळ पूर्ण होतो. शहरातल्या माणसाला जे पाकीट उघडायला थांबावे लागते, ते आपण आल्यावर एक-दोन दिवसांत उघडू शकतो. फक्त ऑर्डर सोमवार-मंगळवारी टाका. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा शनिवार-रविवारचे पाकीट कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाउनात भाजून निघते.

उन्हाळ्यात साठवणही सांभाळावी लागते. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळची काचेची बरणी दिसायला छान, पण बीसाठी सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, घरातली सगळ्यात थंड खोली. फ्रिजमध्ये रोज काढ-घाल केली तर बीवर दव धरते. अर्धा किलो आणले असेल तर अर्ध्या बियांच्या आठ-आठ दिवसांच्या लहान हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, पुडी एकदा बाहेर काढली की परत आत नको.

भाव पाहू. चांगल्या भाजणीघराचे २५० ग्रॅमचे पाकीट साधारण साडेचारशे ते सातशे रुपये. किलोच्या पाकिटात साधी मिश्रणे हजार-बाराशेपासून मिळतात. कच्ची हिरवी बी आणून घरी भाजायची तर किलोला सहाशे ते नऊशे, भाजताना वजनात पंधरा-वीस टक्के घट. जाड कढई, मंद-मध्यम आच, दहा-बारा मिनिटे सतत हलवणे, बी तडतडायला लागली की लक्ष. धूर आणि फोलपटे खूप होतात, म्हणून हे काम अंगणात करावे. ज्या घरात शेंगदाणे, फुटाणे भाजायचा हात बसलेला आहे त्या घराला हे अवघड नाही. पण कढईतली भाजणी दर वेळी थोडी वेगळी येते, म्हणून दर वेळी चक्की पुन्हा लावावी लागते. सुरुवात याने करू नका.

फिल्टर कॉफीच्या पावडरीबद्दल एक इशारा. बाजारात मिळणाऱ्या अशा पावडरीत बहुधा चिकोरी असते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. म्हणजे निम्म्याला थोडी कमी चिकोरी असली तरी ते मिश्रण कायदेशीर आहे. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरात तिची मजा वेगळी, ती मलाही आवडते. एस्प्रेसोच्या जाळीत मात्र चिकोरी पाण्यात फुगते, चिकट होते आणि जाळी तुंबवते.

वीज आणि पाणी

शहरातल्या मार्गदर्शकांत या दोन गोष्टींना चार ओळी मिळतात. गावात त्याच गोष्टी ठरवतात की यंत्र किती वर्षे टिकेल.

घरगुती एस्प्रेसो यंत्र साधारण १,३५० वॉटचे असते. म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअर. ते लहान प्लगला लावू नका, फ्रिज किंवा गिझरचा असतो तसा १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि चालू अर्थिंग हवे. लाइट गेल्यावर घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर ते चालणार नाही, तो आठशे-हजार व्हीएचा असतो. संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हाचा हिशेब अधिक महत्त्वाचा. तापवणाऱ्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० चे १८० झाले तर १,३५० वॉटचे यंत्र सव्वाआठशे वॉटवर येते. पाणी तापायला वेळ लागतो, शॉट चालू असताना तापमान घसरते, पंपाचा दाबही पडतो. कॉफी आंबट येते आणि माणूस बियांना दोष देतो. दीड ते दोन केव्हीएचा स्टॅबिलायझर अडीच ते साडेचार हजारांत मिळतो. विजेचे यंत्र घेणाऱ्याने तो यंत्राच्या किमतीतच धरावा. शेतातल्या घरात, जिथे मोटरपंप त्याच डीपीवर आहेत, तिथे तर विजेचे यंत्र घेऊच नये.

पाण्याचे तसेच. बोअरच्या पाण्यात चुनखडीचे क्षार जास्त असतात, आणि तापल्यावर ते यंत्राच्या आत थर धरतात. थर जाड झाला की पाणी तापत नाही, झडपा अडकतात, आणि हा बिघाड वॉरंटीत सहसा बसत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे, दोन-पाचशे रुपयांचे टीडीएस मीटर आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. कॉफीला मात्र दीडशेच्या आसपासचे पाणी उत्तम लागते. उलट टोकाला निव्वळ आरओचे तीस-चाळीस टीडीएसचे पाणीही बरे नाही, त्यात कॉफी सपक उतरते आणि काही यंत्रांचे पाणी ओळखणारे सेन्सर त्यात गोंधळतात.

उपाय सोपा आहे : मिसळा. बोअरचे पाणी ६०० आणि आरओचे ४० असेल, तर चार भाग आरओ आणि एक भाग बोअर मिळून १५२ होते. गावात वीस लिटरचे जे कॅन मिळतात ते बहुधा आरओचेच असतात, तेही असेच वापरता येतात. टीडीएस म्हणजे नेमका चुन्याचा जडपणा नव्हे, पण घरच्या कामाला हा अंदाज पुरतो. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा भागातल्या, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी मात्र बोअरचा तो एक भागही घालू नये. तिथे पाण्यात मीठच आहे, आणि मीठ धातू खाते. त्यांनी नळयोजनेचे पाणी मिसळावे.

दोन-तीन महिन्यांनी यंत्र आतून धुवायचे. कंपनीचे द्रावण पाचशे-सातशेला येते. मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, लिटरला वीसेक ग्रॅम घालून तेच काम होते, आणि नंतर दोन टाक्या स्वच्छ पाणी सोडायचे.

हे सगळे ज्याने वाचले त्याला, मी हाताच्या तरफेचे यंत्र का सुचवतो, ते कळेल. त्यात कॉइल नाही, पंप नाही, वायर नाही. गॅसवर पाणी उकळायचे, वरच्या नळीत ओतायचे, तरफ खाली दाबायची. सहा ते नऊ बार दाब हातानेच येतो आणि सोबत दाबमापक असेल तर दिसतोही. आत पाणी साचून राहत नाही, त्यामुळे क्षारांचा थर धरत नाही. झिजते ती एक-दोन रबरी रिंग, तिचा जोड यंत्राबरोबरच मागवून ठेवावा. अशी यंत्रे बारा हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जिथे आश्रम उभारला आणि ग्रामोद्योगाची शिकवण दिली, त्या गावात माणसाच्या हाताने चालणारी आणि हातानेच दुरुस्त होणारी वस्तू शोभतेही. उणिवा दोन : दुधाला वाफ मिळत नाही, आणि एका वेळी एकच शॉट निघतो. दुधासाठी सेलवर चालणारी दोन-तीनशे रुपयांची रवी पुरते. दूध गॅसवर साठ-पासष्ट अंशांपर्यंत, म्हणजे उकळायच्या बरेच आधी, उतरवायचे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, त्याने कॉफी दाट आणि गोड लागते. उकळून साय आलेले दूध फेसाळत नाही.

कपाचा हिशेब

आता आकडे एकत्र करू. चार हजारांच्या मार्गात मोका पॉट दीड हजार, साधा हातग्राइंडर दीड हजार, काटा आठशे, रवी आणि गॅसच्या शेगडीवर लहान भांडे टेकवायची कडी मिळून तीनशे. ही कडी विसरू नका, तीन कपांचे मोका पॉट आपल्या शेगडीच्या दांड्यांवर उभे राहत नाही. मोका पॉटमध्ये पाणी झडपेच्या खालपर्यंत भरायचे, कॉफी सपाट करायची पण दाबायची नाही, आच मंद, आणि गुरगुर सुरू होताच खाली उतरवायचे. राखेने किंवा तारेच्या घासणीने घासायचे नाही.

पंचवीस हजारांच्या मार्गात तरफेचे यंत्र चौदा हजार, चक्की नऊ हजार, काटा बाराशे. चाळीस हजारांच्या मार्गात पंपाचे यंत्र चोवीस हजार, चक्की दहा हजार, स्टॅबिलायझर साडेतीन हजार, काटा बाराशे, टॅम्पर आणि दुधाचा जग दीड हजार.

हे एकदाच होणारे खर्च. रोजचा खर्च बियांचा, आणि तो मोठा आहे. २५० ग्रॅमचे पाकीट साडेपाचशेला धरा. १८ ग्रॅमचे तेरा शॉट होतात, पण नवे पाकीट उघडले की चक्की जुळवण्यात दोन जातात. उरले अकरा. म्हणजे एक शॉट पन्नास रुपयांना. त्यात सव्वाशे मिलिलिटर दूध आठ रुपयांचे, वीज रुपया-दोन रुपयांची. एक कप साठ रुपये. रोज एक शॉट काढलात तर महिन्याला सुमारे सहाशे ऐंशी ग्रॅम, दीड हजार रुपये. पाच वर्षांत नव्वद हजार. सामानाची किंमत खरेदीच्या दिवशी डोळ्यांत भरते, पण पाच वर्षांत बिया तिच्या दुपटी-तिपटीहून जास्त पैसे नेतात. खर्च कमी करायचा तर तो इथे करता येतो : दर पाकिटाला नवी बी आजमावण्यापेक्षा एकच बी महिनोन्महिने वापरा, चक्की जुळवण्यातले शॉट वाचतात. आणि १८ ग्रॅमचा शॉट दोन लहान कपांत वाटा. आपल्या घरातला चहाचा कप लहानच असतो, अर्ध्या शॉटमध्ये त्याची कॉफी उत्तम होते, आणि कप तेहतीस-चौतीस रुपयांवर येतो.

यंत्राचा वाटा पाहा. रोज एक शॉट, पाच वर्षे, म्हणजे अठराशे पंचवीस शॉट. तरफेच्या सामानाचा भार शॉटमागे तेरा रुपये, विजेच्या सामानाचा बावीस. मोका पॉटचा हिशेब वेगळाच आहे. किलोला बाराशेच्या बियांचे सोळा ग्रॅम एकोणीस रुपयांचे, त्यात दोन-तीन कप दुधाची कॉफी होते. दुधासकट कप चौदा ते अठरा रुपयांना. पाहुणे एकदम पाच-सहा येतात, आणि एस्प्रेसो यंत्र एका वेळी एक-दोघांचीच कॉफी करते. अशा घरात सहा कपांचे मोका पॉट असावेच, बाकी काहीही घेतलेले असो.

खरेदी करताना

अमेरिकेतला मुलगा किंवा भाचा येताना चांगले यंत्र आणतो म्हणाला तर त्याला नको सांगा. तिथले यंत्र १२० व्होल्टचे असते. इथे त्याला दीड-दोन हजार वॉटचा जड ट्रान्स्फॉर्मर लागतो आणि भारतात वॉरंटी मिळत नाही. त्याच्याकडून हाताची चक्की किंवा तरफेचे यंत्र मागवा, त्यांना व्होल्टेज नसते. दुबई किंवा इंग्लंडमधले यंत्र आपल्या व्होल्टेजवर चालते, वॉरंटीचा प्रश्न तिथेही राहतो.

ऑनलाइन घेताना आयात करणाऱ्याचे नाव, मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क पानावर आहे ना ते पाहा, ते देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून विचारा : जवळचे सर्व्हिस सेंटर अमरावतीत आहे, नागपुरात की पुण्यात? तुम्ही येऊन नेता की मी पाठवायचे? गास्केट आणि जाळी सुटी मिळते का, कितीला? ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत त्याचे यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये. बिल स्वतःच्या नावाने, जीएसटीसह घ्या. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, फुटलेली काच किंवा वाकलेला दांडा नंतर सिद्ध करणे जड जाते.

वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचे शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता बंगळूरचा असला तरी. यंत्राचा खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर त्याच खोक्यात ते सुखरूप जाते.